उपरण्याखाली ठरलेली मुदत

अ‍ॅडव्होकेट रामराव देवरे, म्हणजे आपल्या सर्वांचे आबा, यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मी लिहावे हे संपादक मंडळातल्या कुणाला सुचले, मला ठाऊक नाही. माझ्या नावापुढे पदवी नाही. अमळनेरच्या कॉलेजातून मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी बाहेर पडलो. मला कुणी काढले नव्हते, मीच निघालो. या ग्रंथात न्यायाधीश लिहितील, प्राचार्य लिहितील, आबांच्या बरोबरीचे वकील लिहितील, आणि ते माझ्यापेक्षा चांगले लिहितील. पण पहिल्याच भेटीत आबांच्या टेबलावर मूठ आपटून भांडलेला, खटला त्यांच्याकडून हरलेला आणि तरीही त्यांच्याच ऑफिसात रोज येऊन बसणारा माणूस या मंडळींत मी एकटाच असेन. म्हणून लिहितो.

धुळ्याच्या चौथ्या गल्लीत सायकलच्या दुकानावर एक माडी आहे. तिच्या जिन्याशी 'देवरे, कोठारी आणि भालेराव, वकील' अशी पाटी आहे. दुष्काळाच्या सालातल्या उन्हाळ्यात अमळनेरहून सकाळच्या एस.टी.ने येऊन मी तो जिना चढलो. त्याआधी दोन वकिलांकडे जाऊन आलो होतो. एक हसले. दुसऱ्यांनी वडिलांना घेऊन ये म्हणून सांगितले. माझे म्हणणे साधे होते. माझ्या कॉलेजातल्या एका मुलीचे लग्न तिच्या वडिलांनी सुरतेच्या एका कापड दुकानदाराशी ठरवले होते. परीक्षा झाली की हळद. हे लग्न मला थांबवायचे होते.

आबा खुर्चीत बसून पेन्सिलीला टोक काढत होते. मी उभ्या उभ्याच सांगितले, "मला मनाई हुकूम पाहिजे."

"कशाला मनाई?"

"लग्नाला."

"कुणाच्या?"

"तिच्या."

"मग अर्जदार कोण?"

"मी."

"तू तिचा कोण?"

याला माझ्याजवळ कायद्यातले उत्तर नव्हते. जे होते ते मी इतक्या मोठ्याने दिले, की खाली सायकलवाल्याने हवा भरायची थांबवली. टेबलावर मूठ आपटली ती याच वेळी. आबांनी सारे ऐकून घेतले आणि खिडकीजवळच्या एका वेताच्या खुर्चीकडे पेन्सिल केली. म्हणाले, "तिथे बस. आता तू तिचा बाप. तुझं म्हणणं सांग."

"तो माणूस हलकट आहे."

"बाप स्वतःला हलकट म्हणणार नाही. पुन्हा सांग."

"मला पैसेवाला जावई पाहिजे, म्हणून मी पोरीला विकतोय."

"हेही तुझंच झालं. त्याचं सांग. पोरीला विकायची होती तर त्याने कॉलेजात का घातली? घरात आणखी कोण आहे? त्याला झोप लागते का?"

मला यातले काहीच माहीत नव्हते. तिचे वडील कापसाच्या जिनिंगवर तोलाईदार आहेत आणि त्यांना सगळे नाना म्हणतात, एवढीच माझी माहिती. शेवटी आबांनी विचारले, "बरं, पोरीला काय पाहिजे?" हे मात्र मला पक्के ठाऊक होते. मी म्हणालो, "मी."

"तिने सांगितलं?"

"सांगायची गरज नाही."

आबांनी पेन्सिलीचे टोक बोटावर टेकवून पाहिले. "केस घेतो," ते म्हणाले, "पण तुझी नाही, तिची. तीही ती हो म्हणाली तर."

ती वेताची खुर्ची काय भानगड आहे हे मला नंतर कळले. या ऑफिसात कोणताही पक्षकार आला की त्याला तिथे बसवतात आणि समोरच्या माणसाची बाजू त्याच्याच तोंडून वदवून घेतात. ती नीट सांगता आली तरच वकीलपत्र. या रिवाजापायी ऑफिसने किती पक्षकार घालवले असतील! साक्रीकडचे एक बडे बागाईतदार माझ्यादेखत खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, "मी पैसे माझी बाजू मांडायला देतो, त्याची नाही." आबा शांतपणे म्हणाले, "तुमचीच मांडू. पण समोरचा काय बोलणार ते तुम्हाला ठाऊक नाही, याची मला भीती वाटते." बागाईतदार जिना उतरले ते समोरच्या गल्लीतल्या दुसऱ्या वकिलांकडे गेले. आबांनी पुढच्या पक्षकाराला हाक मारली.

हा रिवाज, आणि पुढे माझ्या बाबतीत जे घडले तेही, समजायचे तर हे तिघे वकील होण्याआधी कोण होते ते सांगायला हवे. धुळ्याच्या वकिलांच्या खोलीत त्यावरून त्यांची पुष्कळ टिंगल झाली आहे. "एक साखळी ओढतो, एक कापूस तोलतो, एक पाढे म्हणवते, आणि तिघांची मिळून एक वकिली," असे एक ज्येष्ठ वकील मोठ्याने म्हणत. आता तेही सत्कार समितीवर आहेत. ते रागावणार नाहीत असे धरून लिहितो. रागावले तर रागावोत.

आबा आधी मोजणीदार होते. शिंदखेडा तालुक्यात शेतांची मोजणी करत. बांधावरून भांडणाऱ्या दोन भावांच्या मधून साखळी ओढत न्यायची, गाडलेला हद्दीचा दगड शोधायचा, तो निघाला की एकाच्या शिव्या खायच्या आणि नाही निघाला तर दोघांच्या. त्या कामात त्यांना एकदा धुळ्याच्या कोर्टात साक्षीला उभे राहावे लागले. उलटतपासणीत त्यांनी सांगितले की मोजणीची साखळी तेहतीस फुटांची असते आणि तिच्या सोळा भागांना आणे म्हणतात. वकीलसाहेब कोर्टाकडे वळून म्हणाले, "आणे? मग साक्षीदाराने यातले किती आणे खिशात घातले?" सगळे कोर्ट हसले. आबांना त्या हसण्याचे वाईट वाटले नाही, असे ते सांगतात. वाईट याचे वाटले, की हसण्याच्या गडबडीत त्या शेताचे काय झाले ते कुणीच विचारले नाही. बायको, दोन मुले आणि सरकारी नोकरी असलेला हा माणूस पस्तिशी उलटल्यावर राजीनामा देऊन पुण्याला कायदा शिकायला गेला. सासऱ्यांनी दोन वर्षे बोलणे टाकले होते. आजही जमिनीचा दावा आला की आबा कागद बाजूला ठेवतात आणि विचारतात, "शेतात कधी जायचं?" वहाणा हातात घेऊन नांगरटीतून चालणारे वकील मी दुसरे पाहिले नाहीत.

अ‍ॅडव्होकेट इंदिरा भालेराव, आमच्या अक्का, देवपूरला मुलींच्या शाळेत शिक्षिका होत्या. परीक्षेच्या सुमारास वडील मंडळी लग्नासाठी मुलींचे शाळा सोडल्याचे दाखले काढून न्यायला यायची. अक्का वडिलांना एका खोलीत बसवत, मुलीला दुसऱ्या खोलीत नेत आणि दोघांना एकच प्रश्न विचारत. उत्तरे जुळली नाहीत तर दाखला मिळायला उशीर होई. हा उशीर वाढत गेला तेव्हा संस्थेच्या चालकांनी त्यांना बोलावून सांगितले, "बाई, हे शिक्षिकेचं काम नाही." अक्कांनी विचारले, "मग कुणाचं?" चालक चिडून म्हणाले, "वकिलाचं." अक्कांनी ते मनावर घेतले. वर्गात भांडणाऱ्या दोन मुलींची बाके बदलून 'आता तू ती हो' म्हणण्याची त्यांची पद्धत होती. ऑफिसातली वेताची खुर्ची ही तिथून आली.

अ‍ॅडव्होकेट चंपालाल कोठारी, आमचे शेठजी, यांचे उलटे झाले. त्यांच्याजवळ वकिलीची सनद आधी होती, पण वडिलांनी सांगितले, आधी आडत सांभाळ. त्यामुळे पुष्कळ वर्षे ते कापसाच्या बाजारात बसले. त्या काळी सौदा तोंडाने होत नसे. घेणारा आणि विकणारा उपरण्याखाली हात घालत आणि एकमेकांची बोटे दाबून भाव सांगत. आजूबाजूला पन्नास माणसे उभी असली तरी भाव दोघांनाच कळे. पुढे उघड लिलाव आले आणि ती चाल बंद झाली. ते योग्यच झाले, असे शेठजी स्वतः म्हणतात, त्या उपरण्याखाली शेतकरी पुष्कळ नाडला गेला. पण एक गोष्ट त्यांनी तिथे पाहिली होती. माणूस चारचौघांत जे कधीच कबूल करणार नाही, ते कपड्याखाली बोटाने कबूल करतो, कारण तिथे त्याची मान खाली जात नाही. "बाजारात माझा हात बेकार झाला," ते हसत म्हणतात, "म्हणून कोर्टात आणला."

हे तिघे एकत्र आले ते एका शिवरस्त्याच्या दाव्यात. आबा एका बाजूचे, शेठजी दुसऱ्या बाजूचे, आणि जिच्या शेतातून तो रस्ता जात होता त्या विधवा बाईच्या अक्का. मधल्या सुटीत कोर्टाच्या आवारातल्या झाडाखाली आबांनी मातीत नकाशा काढला, अक्कांनी तिन्ही पक्षकारांच्या जागा बदलल्या, शेठजींनी उपरणे पसरले, आणि दुपारी कोर्टाला तडजोड सादर झाली. पुढच्या दोन वर्षांच्या तारखा गेल्या म्हणून बाकीचे वकील हळहळले. हे तिघे मात्र त्याच आठवड्यात माडी पाहायला गेले.

आता माझ्या प्रकरणाकडे येतो. ते लिहावे की नाही हा प्रश्न होता, कारण त्यात एका मुलीचा संबंध आहे. मी तिला विचारू शकत नाही, का ते पुढे येईल. अक्कांनी तिला विचारले. तिने निरोप पाठवला, "लिहू दे. नाव नको, आडनाव नको, आणि रडगाणं नको म्हणावं." तिन्ही अटी पाळतो.

आबा जमिनीच्या दाव्यात करत तेच त्यांनी इथे केले. अमळनेरला पाहणीला गेले. तिच्या गल्लीतून चालले, टोकाच्या हॉटेलात चहा घेतला, वाण्याशी पावसापाण्याच्या गप्पा मारल्या आणि मग नानांच्या दारात उभे राहिले. नानांनी त्यांना ओळखले आणि उंबऱ्यातच अडवले. "वकीलसाहेब, मना घरमा तुमनं काय काम शे?"

आबा मूळ त्याच मातीतले. अहिराणीतच म्हणाले, "काम काही नही, नाना. पानी पेवाले उनू."

पाणी मागणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. आबा ओट्यावर बसले आणि दुपारभर बसले. इकडे अक्का आपल्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या घरी मुलीला भेटल्या. तिसऱ्या दिवशी मला माडीवर बोलावणे आले. मी हार घालून घ्यायला निघाल्यासारखा गेलो.

आबा म्हणाले, "पाहणी झाली. नाना एवढ्यात लग्न करणारच नव्हते. पोरीचं बी.ए. होऊ द्यायचं होतं. मागे दोन बहिणी आहेत. रोज संध्याकाळी एक सायकल त्या गल्लीतून घंटी वाजवत फिरायला लागली. गल्ली बोलायला लागली. भाऊबंद बोलायला लागले. मग नानांनी घाईघाईने सुरत गाठली." मग ते म्हणाले, "हे लग्न तू ठरवलंस."

हे मला तेव्हा अजिबात पटले नाही. आजही अर्धेच पटते. सायकल सगळेच चालवतात. मी ओरडलो, "आणि ती? ती काय म्हणाली?"

उत्तर अक्कांनी दिले. "तिला सुरत नको. आणि सध्या तूही नको. तिला बी.ए. पुरं करायचं आहे, मग बी.एड. करायचं आहे आणि स्वतःच्या पगारावर उभं राहायचं आहे. त्यानंतर लग्नाचा विचार ती स्वतः करील. तेव्हा तुझा करीलही, करणारही नाही."

"तुम्ही तिला शिकवून बोलवताय!"

"शिकवणं माझा धंदाच होता," अक्का म्हणाल्या. "पण हे मी शिकवलेलं नाही. हे ऐकून मीच गप्प बसले."

"मग मला वकील बदलायचा आहे."

आबांनी माझ्याकडे पाहिले. "बदलायला तुला वकील होता कधी? या प्रकरणात अर्जदार ती. सामनेवाले दोन. एक तिचा बाप. दुसरा तू."

त्या वाक्यानंतर मी ती माडी कायमची सोडायला हवी होती. सोडणारही होतो. जिना अर्धा उतरलो आणि थांबलो. खाली गेलो असतो तर माझे म्हणणे तिच्यापर्यंत पोचवणारे कुणीच उरले नसते. सामनेवाला का होईना, पण त्या खोलीत मला जागा होती. मी परत वर आलो. आबांनी बाकाकडे बोट केले.

त्यानंतरच्या रविवारी नाना आले. मुलगी अक्कांबरोबर आली. नानांनी मला बाकावर पाहिले आणि त्यांचा चेहरा लाल झाला. "ह्या पोऱ्याले आठे कसाले बसाडेल शे?"

"तोही सामनेवाला आहे, नाना. तुमच्याच बाजूचा," आबा म्हणाले. त्या एका वाक्याने मला आणि नानांना एकाच वेळी सारखाच राग आला.

"मले कोर्टमा ओढशात का?"

"ओढू शकतो. पोर सज्ञान आहे. पण कोर्टात गेलो की सगळ्या अमळनेरसमोर तुम्ही आणि ती समोरासमोर उभे राहाल. पुढे दोन पोरींची लग्नं तुम्हाला करायची आहेत. मला ते नको आहे, तिलाही नको आहे."

मी मध्येच बोललो. मी तिच्यासाठी कॉलेज सोडले, हे कुणी लक्षात घेणार आहे की नाही, असे काहीतरी. तेव्हा ती पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "तुम्ही माझ्यासाठी कॉलेज सोडलं असं सगळीकडे सांगत फिरता. मला विचारलं होतं?"

नाना चटकन म्हणाले, "बरोबर बोलनी पोर!"

ती वडिलांकडे वळली. "आणि सुरतेला होकार दिला तेव्हा तुम्ही विचारलं होतं, नाना?"

तेव्हा शेठजी उठले. खांद्यावरचे उपरणे त्यांनी टेबलावर पसरले आणि रीत सांगितली. बोटे वर्षांची. किती वर्षे तिच्या लग्नाचा विषय काढायचा नाही, हे नानांनी सांगायचे. किती वर्षे तिला भेटायचे नाही, पत्र लिहायचे नाही, गल्लीत फिरकायचे नाही, हे मी सांगायचे. पण आधी तिने स्वतःला लागणारा आकडा सांगायचा. तो शेठजींखेरीज आणि अक्कांखेरीज कुणाला कळणार नाही. आम्हा दोघांची बोटे त्या आकड्याला येऊन मिळाली तर सौदा पक्का.

कोणत्याही बाजारात मुलीचा हात उपरण्याखाली गेला नसेल. शेठजी जुन्या वळणाचे, ते थोडे घुटमळले. अक्कांनी आपला हात पुढे केला. मुलीने उपरण्याखाली अक्कांची बोटे दाबली आणि अक्कांनी तीच खूण शेठजींच्या हातावर दिली. मग शेठजींनी नानांचा हात घेतला.

नाना जिनिंगवरचे, त्यांना ही भाषा येत होती. त्यांनी बोट दिले. शेठजींनी मान हलवली. नाना म्हणाले, "शेट, हाऊ कापूस नही शे. मनी पोर शे."

"म्हणूनच लिलाव मांडला नाही, नाना," शेठजी हळू म्हणाले. "लिलावात सगळे ऐकतात. इथे तुमचं बोट मलाच कळतंय."

नानांनी मुलीकडे पाहिले. ती खाली बघत नव्हती, सरळ त्यांच्याकडे बघत होती. उपरणे हलले. शेठजींनी पुन्हा मान हलवली. नानांच्या कपाळाला घाम आला. तिसऱ्यांदा हलले तेव्हा शेठजी म्हणाले, "बस. पुरे." नानांनी हात बाहेर काढला आणि तो उपरण्यालाच पुसला.

माझी पाळी आली. मी मोठा उदार होऊन एक आकडा दिला. शेठजी हसले. वाढवला. पुन्हा नाही. तोवर मला राग आला होता आणि रागात मी पंजाच द्यायला निघालो. पलीकडून आबा म्हणाले, "रागाने दिलेलं बोट मोजत नाहीत. पाळता येईल तेवढंच दे." मी हात तसाच ठेवला. खाली सायकलवाला कुणाच्या तरी चाकाच्या तारा आवळत होता. तिने माझ्याकडे पाहिले नाही, मी मात्र तिच्याकडे पाहिले. मग मी जेवढे पाळता येईल तेवढे दिले. शेठजींनी उपरणे झटकले आणि खांद्यावर टाकले.

आकडा मी इथे लिहिणार नाही. उपरण्याखालचा आकडा बाहेर बोलायचा नसतो. एवढे सांगतो की नानांनी सुरतेला नकार कळवला आणि भाऊबंदांनी विचारले तर एकच उत्तर दिले, "मामला वकिलांकडे शे, तारीख पडेल शे." खानदेशात या उत्तरापुढे कुणी प्रश्न विचारत नाही.

त्या रविवारी सगळे गेल्यावर मी आबांना विचारले, "आणि मुदत संपल्यावर ती नाही म्हणाली तर?"

"तर नाही."

"एवढंच?"

"मोजणीत दगड निघतो तिथे निघतो. आपल्याला हवा तिथे निघत नाही." मग त्यांनी विचारले, "टाइप करता येतं का?"

येत नव्हते. दुसऱ्या दिवसापासून शिकलो. आज या ऑफिसचे सारे दावे आणि कैफियती माझ्या हाताखालून जातात. पक्षकार वेताच्या खुर्चीवर बसून जे बोलतो ते उतरवून घेण्याचे कामही माझेच. आबांनी मला हे काम दयेने दिले असे कुणी समजू नये. पहिल्याच महिन्यात कोर्टाच्या आवारात एक कारकून तिच्यावरून काही बोलला म्हणून मी त्याची कॉलर धरली होती. आबा मला रागावले नाहीत. त्यांनी त्या कारकुनाला ऑफिसात बोलावले, चहा दिला आणि मला सांगितले, "याची बाजू टाइप करून आण. सहीसाठी." मी ती टाइप करून आणली. त्याने वाचून दोन दुरुस्त्या सुचवल्या. आता तो कोर्टातले माझे निम्मे काम करून देतो.

आबांच्या चांगुलपणाच्या अशा पुष्कळ गोष्टी इतरांनी लिहिल्या असतील. माझी आई आजारी होती तेव्हा आबा शिंदखेड्याच्या एका पाहणीवरून वाट वाकडी करून आमच्या घरी गेले. मला सांगितले नाही, आईने सांगितले. "तुना साहेब उना व्हता," आई म्हणाली, "पोऱ्या तापट शे पण काम कच्चं करत नही, आशे सांगी ग्या." तोंडावर आबांनी माझे कौतुक एकदाही केलेले नाही. त्यांचे दोषही मला ठाऊक आहेत. ते हट्टी आहेत. अक्षर असे आहे की त्यांचे टिपण लावायला शेठजी आणि अक्का दोघांना बसावे लागते. कॉलेजात परत जा, असे त्यांनी मला एकदाच सुचवले. मी नाही म्हणालो. का, ते त्यांनी विचारले नाही आणि पुन्हा विषय काढला नाही. बाकी सगळे अजून काढतात.

मुदत अजून संपलेली नाही. ती बी.ए. झाली, हे वर्तमानपत्रातल्या निकालावरून मला कळले. बी.एड.ला देवपूरला आहे, हे मला कळायला नको होते पण कळले. देवपूर पांझरा नदीच्या पलीकडे आहे, आणि इथून तिथे जायला पूल आहे. मी तो ओलांडत नाही. देवपूरच्या पक्षकाराकडे कागद पोचवायचे असले तर दुसऱ्या कुणाला पाठवतो. हे मी तिच्यासाठी करतो असे पूर्वी म्हणालो असतो. आता म्हणतो की मी बोट दिले आहे. मला ती हवी आहे, यात तिळभर फरक पडलेला नाही. फक्त तिने काय म्हणावे हे मी तिच्या तोंडी घालत नाही.

लेखाच्या शेवटी शुभेच्छा लिहाव्यात, असे मंडळाने कळवले आहे. आबांना दीर्घायुष्य लाभो, हे सगळेच लिहितील. माझे म्हणणे जरा आपमतलबी आहे. मुदत संपेल त्या दिवशी ती ही माडी चढेल आणि तिचे उत्तर सांगेल. ते हो असेल तर रजिस्ट्रारपुढे साक्षीदार म्हणून आबांचीच सही मला हवी, त्यांचे अक्षर लागो न लागो. आणि ते नाही असेल, तर त्या खोलीत माझा दंड धरून मला जागेवर बसवणारा माणूस हवा. नानांचे मी ऐकणार नाही, अक्कांचे अर्धे ऐकेन, शेठजींच्या हातात तेवढा जोर नाही. साखळी ओढलेले हात फक्त आबांचे आहेत. म्हणून आबा, तुम्ही शंभर वर्षे जगाच, पण नुसते जगू नका. मनगटात आज आहे तेवढाच जोर ठेवून जगा. मी माझी मुदत पाळतो आहे. तुम्ही तुमची पाळा.